गाडी कोयनेला, पाडवा वाईला

घरात एखादं खोडकर माणूस असलं की किस्से होतात, असं मला लग्नाआधी वाटायचं. लग्नानंतर कळलं, घरात ट्रक असला तरी पुरतं!

आणि हे किस्से कोणी मुद्दाम साठवत नाही. ट्रकच्या हौद्यात कसं, प्रत्येक भाड्याचं थोडं थोडं कोपऱ्याला उरतं. थोडी साखर, थोडा भुसा, जांभ्याची थोडी लाल पूड. कितीही झाडा, काहीतरी राहतंच. तसं आमच्या कडेगावच्या घरात होतं. त्यातून मी पडले कमी बोलणारी. कमी बोलणाऱ्या माणसासमोर बाकीचे जरा जास्तच बोलतात, हा माझा जुना अनुभव आहे.

घरात माणसं चार. मामा, म्हणजे माझे सासरे. आत्या, म्हणजे सासूबाई. आमच्याकडं सासू-सासऱ्यांना असंच म्हणतात. मामा फौजेत ड्रायव्हर हवालदार होते, रिटायर होऊन बरीच वर्षं झाली. फौज त्यांच्यातून अजून रिटायर झालेली नाही. मग सागर, माझा नवरा. तोच ट्रक चालवतो. आणि मी, वाईची.

मैत्रिणी फोनवर विचारतात, "काय मग, नव्या नवरीचे दिवस कसे चाललेत?"

मी सांगते, "गाडी कोयनेला उभी आहे."

त्यांना वाटतं मी विषय बदलतेय!

*

आमचं लग्न वैशाखातलं. आषाढ आला तशी रीतीप्रमाणे मी माहेरी गेले. श्रावणात परत आले, तर सागर चिपळूणच्या फेऱ्यांवर. गणपतीत तो घरी होता, पण घरात इतके पाहुणे, की आम्ही एकमेकांना फक्त वाढत होतो. दसऱ्याला ट्रकची पूजा झाली. झेंडूच्या माळा, पुढच्या काचेवर गंधाचं स्वस्तिक, फोटो. फोटोत ट्रक मधोमध, मी डाव्या हेडलाइटपाशी, सागर उजव्या. आमच्या दोघांचा म्हणावा असा दसऱ्याचा फोटो तेवढाच.

म्हणून मी मनाशी एकच गोष्ट धरून ठेवली होती. दिवाळीचा पाडवा. पहिली दिवाळी, म्हणजे दिवाळसण. जावई सासरी जाणार, पाटावर बसणार, आणि मी ओवाळणार. ज्या माणसाच्या नावानं मी सकाळ-संध्याकाळ फोनकडं बघते, तो मला तेवढा वेळ तरी माझ्यासमोर, एका जागी बसलेला हवा होता. हलणार नाही असा!

देवानं ऐकलं. दिवाळीच्या तोंडावर सागर खरंच एका जागी बसला. जागा तेवढी चुकली.

*

फोन आला तेव्हा आत्या चकलीचं पीठ मळत होत्या. सागर म्हणाला, "ब्रेक गेला. घाट चढून आलोय, कोयनानगरच्या अलीकडं हाय. मला काय झालं न्हाई."

शेवटचं वाक्य आत्यांना ऐकूच गेलं नाही. "ब्रेक गेला" एवढं ऐकून त्या तशाच पिठाच्या हातानं देवासमोर जाऊन बसल्या. भावकीतून फोन सुरू झाले. "कुटं धडकली?" "दरीत का डोंगराला?" शेजारची एक काकू तर येऊन मला जवळ घेऊन रडायलाच लागली. मला स्वतःलाच कळेना, रडायचं की नाही.

शेवटी मामांनी सगळ्यांना ओट्यावर बसवलं आणि फौजी क्लास घेतला. या मोठ्या गाड्यांचे ब्रेक हवेवर चालतात. हवा वाटून देणारा एक व्हॉल्व्ह असतो, मुठीएवढा. तो गेला की हवा निघून जाते. आणि हवा निघून गेली की आतल्या स्प्रिंगा चाकं घट्ट धरून ठेवतात. म्हणजे गाडी सुटत नाही, उलट जागची हलत नाही!

काकूनं डोळे पुसले. सगळं नीट समजून घेतलं आणि म्हणाली, "म्हंजी ब्रेक फेल न्हाई. ब्रेक लागलाय."

"व्हय."

"आन सुटंना झालाय."

"व्हय."

"मग रडवलं कशापायी? ह्यो तर पास झालाय की!"

*

आता यात अडचण काय? व्हॉल्व्ह नवा आणायचा, बसवायचा, घरी यायचं. सागरच्या ओळखीचा कऱ्हाडचा मेकॅनिक दुपारीच निघायला तयार होता.

मामा म्हणाले, "खबरदार कुनी हात लावला तर! गाडी वॉरंटीत हाय."

कंपनी म्हणाली, वॉरंटी संपली. दसऱ्याला.

मामा म्हणाले, पाडव्याला संपते.

वॉरंटी दोन वर्षांची, म्हणून हा घोळ समजायला दोन वर्षं मागं जावं लागेल. ट्रक घेतला तेव्हा मामांनी दसऱ्याच्या मुहूर्तावर पैसे भरून कागद केले. पण गाडी आणली नाही! शोरूमवाल्यानं किल्ली पुढं केली तर म्हणाले, "र्‍हाऊ द्या. एक मुहूर्त कागदाला, एक चाकाला." साडेतीन मुहूर्तांतले दोन हाताशी असताना एकावर भागवणं त्यांना बरं वाटेना. मग दसऱ्यापासून दिवाळीच्या पाडव्यापर्यंत आमचा नवाकोरा ट्रक हार घालून शोरूमच्या अंगणात उभा. हार वाळला, शोरूमवाल्यानं नवा घातला. तोही वाळला. त्याच्या बाकीच्या गाड्यांना जागा होईना. रोज फोन करायचा बिचारा, "काका, न्या की आता." मामांचं उत्तर ठरलेलं, "पाडव्याला."

म्हणजे कंपनीच्या हिशेबानं गाडी दसऱ्याची, आमच्या घराच्या हिशेबानं पाडव्याची. आणि व्हॉल्व्ह गेला तो नेमका या दोन सणांच्या मध्ये!

"गाडी तवा उभी हुती," मामा मला समजावत होते, कारण ऐकून घेणारी मी एकटीच उरले होते. "चाक फिरलं न्हाई, हवा भरली न्हाई. वापरलीच न्हाई, तर वॉरंटी खर्च झाली कशी?"

खरं सांगते, मला ते पटलं. आषाढात मी माहेरी होते, तो महिना लग्नात धरायचा की नाही, हे मी तरी अजून कुठं ठरवलंय?

*

कंपनीचा हेल्पलाइन नंबर मामांना आता तोंडपाठ आहे. मराठीसाठी वेगळं बटण होतं, पण मामांनी हिंदीचं दाबलं. सरकारी काम हिंदीत जोरात होतं, असं त्यांचं मत. कंपनी सरकारी नाही, हे त्यांना सांगून झालंय.

पलीकडं एक मुलगी. आवाज गोड, धीर मोठा.

"सर, गाडी की खरेदी की तारीख बताइए."

"कौनसी? कागद की या गाडी की?"

"सर... दोनों अलग हैं?"

"बेटा, कागद दशहरे का, गाडी पाडवे की."

"सर, ये पाडवा कौनसी तारीख को आता है?"

मग मामांनी तिला वसुबारसेपासून सुरुवात करून धनत्रयोदशी, नरकचतुर्दशी, लक्ष्मीपूजन असं क्रमानं सगळं सांगितलं. बळीराजाची गोष्टसुद्धा सांगितली. ती मुलगी मध्ये मध्ये "जी सर, जी सर" म्हणत होती. शेवटी म्हणाली, "सर, सिस्टिम में सिर्फ तारीख डालनी होती है."

मामा म्हणाले, "वही तो बोल रहा हूँ बेटा! हर साल बदलती है!"

तक्रार मात्र नोंदवली गेली. माणूस येऊन गाडी बघेल. तोवर कोणीही पार्टला हात लावायचा नाही, नाहीतर क्लेम बाद. माणूस पुण्याहून येणार, आणि पुण्याचा माणूस दिवाळीच्या सुट्टीवर.

फोन ठेवायच्या आधी मामांनी तिला विचारलं, "आपको छुट्टी मिली क्या, दिवाली की?"

"नहीं सर. इस बार नहीं."

मामा "जय हिंद" म्हणाले आणि फोन ठेवला. जरा वेळ फोनकडंच बघत बसले. "बिचारीला सोडत न्हाईत घरला," म्हणाले. मग मान वर केली, मी समोरच उभी होते, तर लगेच म्हणाले, "चा टाक जरा."

*

वाईला आईला हे सगळं फोनवर सांगितलं. माझी आई साधी, सरळ. ती म्हणाली, "अगं, मग जावईबापूंना म्हणावं, गाडीला नीट कुलूप लावा आणि या. आपण स्कूटर नाही का ठेवत स्टँडवर?"

मी हा निरोप मामांना दिला. द्यायला नको होता. "कुलूप!" मामा उठून उभेच राहिले. "चाकाला कुलूप असतंय व्हय? ब्याट्रीला असतंय? डिझेलला असतंय?"

मग मला कळलं, ट्रकवाल्यांत हा नियमच आहे. रस्त्यात गाडी बंद पडली तर ड्रायव्हर गाडी सोडत नाही. मागच्या चाकांना दगड लावायचे, मागं झाडाच्या फांद्या टाकायच्या, म्हणजे येणाऱ्याला लांबून कळतं, आणि आपण केबिनमध्ये मुक्काम करायचा. दसरा गाडीचा करतात, तसं आजारपणही गाडीचंच करतात.

हे आईला परत फोन करून सांगितलं, तर ती म्हणाली, "म्हणजे पाहुण्यासारखं गाडीपाशी बसून राहायचं?"

मी म्हटलं, "हो."

"आणि इथे पाट मांडलेला असताना?"

तिकडून चमचा वाजल्याचा आवाज आला. ती अनारशाचं पीठ बघत असावी. मी घरी असताना ते नेहमी मी बघायचे.

*

गाडीत जांभ्याचा चिरा होता. वडूजच्या एका डॉक्टरांच्या घराच्या कंपाउंडसाठी. त्यांचा फोन आला, माल कुठं आहे म्हणून. मामांनी गाडी बंद पडल्याचं सांगितलं.

डॉक्टर सवयीनं म्हणाले, "कधीपासून होतंय?"

"परवापासनं."

"आधी कधी असं झालं होतं?"

"न्हाई."

"चढावर त्रास होतो, की सपाटीलासुद्धा?"

"चढ संपल्याव झाला."

"दम राहत नाही असं म्हणताय."

"हवाच राहत न्हाई, डॉक्टर!"

डॉक्टर म्हणाले, "घाबरू नका. हालचाल करू नका. पूर्ण विश्रांती द्या."

मामांनी फोन ठेवला आणि आत्यांना म्हणाले, "ह्येंच्याकडं मानसं बरी हुत्यात कशी?"

*

कोयनेला रेंज एकाच वळणावर मिळते. सागर गाडीपासून तिथंवर चालत जायचा, पण गाडी नजरेआड होणार नाही इतकंच. म्हणून आवाज तुटक यायचा. फोन आला की आमच्याकडं तो स्पीकरवर टाकून ओट्याच्या मधोमध ठेवायचा, ही घरची पद्धत. सगळे भोवती बसतात, शेकोटीला बसल्यासारखे.

आधी मामा. "हवेचा काटा किती दावतोय? दगड हाय ना चाकाला? पानी सांडलं का खाली?" मग आत्या. "आंघुळ करतुयास का? कुटं?" मग शेजारची काकू, जिचा खरं तर काही संबंध नाही. "आरं, तिकडं चिकन काय भावानं हाय?"

मी आपली खांबाला टेकून ऐकायची. या सगळ्यात तो मध्येच थांबायचा. मला कळायचं, आता तो माझ्याशी बोलणार आहे.

एकदा असाच थांबला. वारा येत होता फोनमध्ये. मग अगदी हळू आवाजात म्हणाला, "जेवलीस का?"

आणि अख्खा ओटा एका सुरात ओरडला, "जेवलो!"

*

हा किस्सा सागरनं स्वतः सांगितलेला.

गाडी उभी होती तिथं समोरच एक चहाची टपरी. चालवणारी मावशी, एकटीच. सागरचं सकाळचं तोंड धुण्यापासून संध्याकाळच्या भाकरीपर्यंत सगळं तिच्याकडं. पहिल्या दिवशी तिनं विचारलं, "लगीन झालंय?" तो "व्हय" म्हणाला. दुसऱ्या दिवशी विचारलं, "कवा?" तो म्हणाला, "औंदाच." तेव्हापासून ती त्याच्या चहात साखर जास्त टाकायला लागली!

एके दुपारी तो केबिनमध्ये आडवा पडला होता. डोळा लागत होता. आणि गाडी हलली.

आधी वाटलं भास. मग परत हलली. काचा वाजल्या, स्टेअरिंग थरथरलं. सागर उठून बसला. त्याच्या मनात एकच. ब्रेक सुटला! चाकं मोकळी झाली! आता कसला व्हॉल्व्ह आणि कसली कंपनी, चाकांचे दगड काढायचे आणि संध्याकाळपर्यंत कडेगाव! त्यानं दार उघडून खाली उडी मारली आणि रस्त्यावर दोन्ही हात वर करून ओरडला, "सुटली! मावशे, सुटली!"

मावशीनं स्टोव्हवरचं पातेलं एका हातानं धरून ठेवलं होतं. दूध सांडू नये म्हणून. तिनं त्याच्याकडं शांतपणे बघितलं.

"भूकंप हाय त्यो," ती म्हणाली. "थांबंल आत्ता. बस, चा घे."

सागर हे सांगताना खूप हसला. मीही हसले. पण "संध्याकाळपर्यंत कडेगाव" हे तो ज्या आवाजात म्हणाला, तो माझ्या कानात राहिला. मी नंतर एकटीनं ते पुन्हा आठवून पाहिलं. बऱ्याचदा.

*

शेवटचा किस्सा मुद्दाम मागं ठेवलाय. त्याआधी व्हॉल्व्हचं काय झालं ते सांगून टाकते, नाहीतर तुमचं लक्ष तिकडंच राहील.

पुण्याचा माणूस आला, पण दिवाळी पार पडल्यावर. तरुण होता. गाडीखाली वाकला, बॅटरी मारून बघितलं, कागद बघितले. म्हणाला, "काका, वॉरंटी संपलेली आहे."

मामांनी त्याला दसरा, पाडवा, कागद, चाक सगळं सांगितलं. त्यानं मध्ये एकदाही तोडलं नाही. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "काका, आमचं पण लग्न आधी कोर्टात झालं, मग गावी हॉलमध्ये झालं. बायको दोन्ही तारखांना साडी घेते. तुमचं म्हणणं मला पटतंय."

मामा खूश. "मग?"

"पण कंपनी एकच तारीख धरते."

मामांनी मग जास्त वाद घातला नाही. पाडवा होऊन गेला होता. आता त्यांच्याही हिशेबानं वॉरंटी नव्हती. व्हॉल्व्ह विकत घेतला. कऱ्हाडचा मेकॅनिक आला आणि मावशीचा चहा उकळेपर्यंत काम झालं. इतक्या दिवसांचं घोडं एका चहात न्हालं!

जुना व्हॉल्व्ह मामांनी तिथं टाकला नाही. घरी आणला, रॉकेलनं धुतला, पुसला, आणि बाहेरच्या खोलीत खिडकीत ठेवला. आल्यागेल्याला दाखवतात.

"ह्यो वॉरंटीतला हाय," म्हणतात.

*

तर पाडवा.

लक्ष्मीपूजनाच्या सकाळी माझी बॅग भरून तयार होती. सागर सुटत नाही म्हटल्यावर मामा म्हणाले होते, "पोरी, तू हो पुढं. सणाला माहेरी दिवा लावायला तरी जा. जावयाचं मागनं बघू." त्यांच्या मते हे समजूतदारपणाचं बोलणं होतं. मी "बरं" म्हटलं. मी नेहमीच बरं म्हणते.

आत्या स्वयंपाकघरात माझ्यासाठी फराळाचा डबा भरत होत्या. करंज्या एकावर एक लावता लावता, माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "माझं लगीन झालं तवा ह्ये जम्मूला हुते. पयल्या पाडव्याला रजा मागितली. न्हाई मिळाली. दुसऱ्याला न्हाई. तिसऱ्याला सागर पोटात हुता, तरी न्हाई."

मी म्हटलं, "पण आता दरवर्षी ओवाळता ना, आत्या."

"वोवाळती की." त्यांनी डब्याचं झाकण लावलं. ते बसेना, एक करंजी काढून माझ्या हातात दिली. "पर तवाचं ऱ्हायलं, त्ये ऱ्हायलंच. आता ह्येंच्या डोस्क्यावं केस न्हाईत. मला तवाच्या केसांवं अक्षता टाकायच्या हुत्या."

आणि मग त्या बाहेर गेल्या. मामा ओट्यावर पेपर वाचत होते. आत्यांनी मामांशी मोठ्या आवाजात बोललेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

"आवं, फौजेत गार्डावरच्या मानसाला बदली मिळती का न्हाई?"

"मिळती की. का?"

"मग माझ्या पोराला का न्हाई?"

मामांनी पेपर खाली घेतला. आत्या तिथंच उभ्या. मामा उठले, माळ्यावर चढले, आणि तिथून त्यांचा फौजेतला अंथरुणाचा जुना होल्डॉल खाली पडल्याचा आवाज आला. धप्प!

मी वाईच्या एसटीत बसले तेव्हा मला एवढंच माहीत होतं, की मामा उद्या पहिल्या गाडीनं कोयनेला निघणार. पुढचं सागरनं सांगितलं.

पाडव्याला सकाळी मामा होल्डॉल खांद्यावर घेऊन टपरीपाशी उतरले. सागर म्हणाला, "आप्पा, तुमी?" मामा म्हणाले, "चार्ज दे."

"घ्या की."

"असा न्हाई. नीट दे."

मग भर रस्त्यात सागरनं ताठ उभं राहून चार्ज दिला. जॅक, पाना, दोरखंड, स्टेपनी. मामांनी एकेका चाकाचा दगड पायानं दाबून बघितला. मागच्या फांद्या वाळल्या होत्या, त्या बदलायला लावल्या. मगच म्हणाले, "जा आता. मोकळा तू."

मावशी हे सगळं बघत होती. तिनं विचारलं, "तुमी कोन म्हनायचं?"

मामा म्हणाले, "बदली ड्रायव्हर."

पाडव्याच्या दिवशी एसटी कमी. सागर एका दुधाच्या टेम्पोत कऱ्हाडपर्यंत आला, तिथून उभ्यानं सातारा, तिथून वाई. मी सकाळपासून दारात किती वेळा गेले, ते विचारू नका. आईनं दुपारी जेवायला बसवलं, मी पानावरून उठले. बाबा म्हणाले, "येतील गं." मग तेही गेटपाशी जाऊन उभे राहिले.

दिवेलागणीला तो आला. दाढी वाढलेली, शर्टाच्या बाहीला ग्रीसचा डाग, चपलेवर कोयनेची लाल माती. दारातच थांबला आणि माझ्याकडं बघितलं. "उशीर झाला?" म्हणाला. मी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, मलाच माहीत नाही.

आंघोळ झाली. आईनं पाट मांडला, भोवती रांगोळी काढली. बाबांची टोपी त्याला लहान झाली. ती डोक्यावर नुसती ठेवल्यासारखी बसली. तो मांडी घालून पाटावर बसला. मी समोर. मध्ये निरांजनाचं ताट. पहिल्यांदाच इतक्या जवळून, इतक्या उजेडात मी त्याच्याकडं नीट बघत होते.

कुंकू लावलं, तर त्यानं डोळे मिटले. मला वाटलं, लाजतोय. अक्षता लावल्या, तरी मिटलेलेच. मग टोपी हळूहळू पुढं घसरायला लागली, आणि तिच्यामागं मानही.

आई माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "अगं, झोपले! हलव ना त्यांना."

मी म्हटलं, "नको."

"अगं, पण ओवाळायचं राहिलंय!"

"असू दे. झोपू दे त्याला." आईसमोर मी त्याला एकेरी म्हटलं, हे आम्हा दोघींच्या एकदमच लक्षात आलं. आईनं निरांजनात आणखी तूप घातलं आणि बाबांना घेऊन आत गेली.

मी थोडा वेळ तशीच बसून राहिले. मग वाटलं, जागं न करताच ओवाळून घ्यावं. ताट उचलून उठले.

तेवढ्यात झोपेतच त्याची मांडी सुटली. उजवा पाय पुढं आला, रांगोळीवरून सरकत सरकत माझ्यापर्यंत आला. टाच जमिनीला टेकली, आणि ब्रेकवर दाबावा तसा चवडा हळूहळू खाली दाबला गेला. अगदी शेवटपर्यंत.

मी ताट हातात धरून जागच्या जागी थांबले.